दूषित माती कुठे जाणार? खोदकामापासून लँडफिलपर्यंतची सगळी प्रक्रिया

ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, पिंपरी-चिंचवड या भागांत जुने कारखाने बंद होतात आणि त्यांच्या जागी गोदामं, कार्यालयं, कधी थेट राहत्या इमारती उभ्या राहतात. यंत्रं भंगारात जातात, शेड पाडली जाते. जमिनीत मुरलेलं तेल, क्रोमियम, सॉल्व्हंट मात्र तिथंच असतं. पायाच्या खोदाईला जेसीबी लागतो, माती काळपट-निळसर नाहीतर पिवळीजर्द निघते, वास सुटतो, आणि ठेकेदार विचारतो, "साहेब, ही कुठं टाकायची?"

या प्रश्नाचं उत्तर माती गाडीत भरण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. एकदा हायवा भरून उभा राहिला की निर्णय भाडं, डिझेल आणि संध्याकाळ होण्याची घाई यांच्या हातात जातो. मग माती खाडीकाठच्या भरावात जाते, एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाला जाते, नाहीतर राडारोड्यात मिसळून महापालिकेच्या डंपिंग ग्राउंडवर जाते. तिथून ती परत काढणं जवळपास अशक्य असतं. लँडफिलचं, म्हणजे कचरा पुरण्याच्या बांधीव जागेचं फाटक ही शेवटची चाळणी आहे. पहिली चाळणी जिथं माती खोदतो तिथंच लावायची असते.

हा लेख कारखान्याच्या पर्यावरण विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे, पाडकाम-खोदकामाच्या ठेकेदारांसाठी आहे, घातक कचऱ्याच्या लँडफिलवर माती स्वीकारणाऱ्यांसाठी आहे. शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या आणि ताडपत्री न टाकता जाणाऱ्या गाड्या बघणाऱ्या माणसालाही यातून नेमके प्रश्न विचारता येतील.

कायदा कुठे लागू होतो

दोन नियमावल्या जवळ ठेवा. पहिली, २०१६ ची घातक आणि इतर कचरा व्यवस्थापन नियमावली. माती खोदून बाहेर काढली, ती टाकून द्यायची आहे आणि ती निकषांनुसार घातक ठरते, म्हटल्यावर ती या नियमांखाली आली. दुसरी, जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाची नियमावली. तिच्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि गरज असेल तर त्यापुढच्या ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डंपिंग ग्राउंड हे तिच्या कक्षेबाहेर आहेत.

फरक लक्षात घ्या. जमीन जागेवर असते तोवर प्रश्न 'स्थळा'चा असतो. तीच माती खोदून ढीग घातला की प्रश्न 'कचऱ्या'चा होतो आणि साठवणुकीचं घड्याळ सुरू होतं. कारखान्याच्या आवारात घातक कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. "आधी खोदून ठेवू, मग बघू" हा मार्ग म्हणूनच बंद आहे. खोदण्याआधी मंडळाकडे फॉर्म १ भरून ऑथोरायझेशन, म्हणजे घातक कचरा हाताळण्याची परवानगी घ्या. ते आधीच असेल, तर त्यात या मातीचा प्रकार आणि प्रमाण वाढवून घ्या. कारखाना बंद असला तरी जबाबदारी संपत नाही. जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला हे करावंच लागतं.

पहिली पायरी: जागेचा इतिहास काढा

प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी माणसांशी बोला. वीस-पंचवीस वर्षं तिथं काम केलेला फिटर, स्टोअरकीपर, वॉचमन हे नकाशात नसलेल्या गोष्टी सांगतात: जुनी अॅसिडची टाकी कुठं होती, प्लेटिंगच्या बाथचं पाणी कोणत्या गटारात सोडत, गाळ वाळवायचे वाफे कुठं होते, पिंपं कुठं धुवायचे. त्यासोबत मंडळाची जुनी संमतीपत्रं (कन्सेंट), आवाराचे आराखडे, वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं पाहा. संशयाच्या जागा ठरलेल्या असतात: जमिनीखालच्या डिझेल टाक्या, जनरेटरची खोली, ट्रान्सफॉर्मरचा कट्टा, सांडपाणी प्रक्रियेचा भाग, भंगाराचं आवार आणि बाहेर जाणारा नाला.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर बसला आहे आणि या दगडापासून बनलेल्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतं. त्यामुळे नुसता एकूण क्रोमियमचा आकडा बघून "जमीन दूषित" म्हणणं जितकं चूक, तितकंच "इथं सगळीकडे असंच असतं" म्हणून हात झटकणंही चूक. जिथं कारखान्याचा स्पर्श झालेला नाही अशा, पण त्याच जातीच्या जमिनीतून तुलनेसाठी दोन-तीन नमुने घ्या. क्रोमियम सहा, म्हणजे सहा संयुजेचा घातक प्रकार, वेगळा मोजा. दगडातून आलेला क्रोमियम बहुतांशी तीन संयुजेचा असतो. सहा संयुजेचा जास्त आढळला, तर प्लेटिंग, टॅनरी, क्रोमेट बनवणारा कारखाना असं कारण शोधायला हवं.

जमिनीचा पोतही समजून घ्या. काळी माती प्रदूषक धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि द्रव त्या भेगांतून खाली उतरतो. कोकणातला जांभा सच्छिद्र. त्यात तेल भराभर खोल जातं. मुरमाखालचा बेसाल्ट फुटका असेल, तर प्रदूषण दगडाच्या सांध्यांतून भूजलात पोचलेलं असू शकतं, आणि मग माती उचलणं हे निम्मंच काम राहतं.

दुसरी पायरी: नमुने असे घ्या की कोर्टातही टिकतील

एका ढिगाच्या वरून घमेलंभर माती उचलून प्रयोगशाळेत पाठवणं म्हणजे नमुना घेणं नव्हे. जागेवर चौकटी आखा, प्रत्येक चौकटीत किमान दोन-तीन खोलींवर नमुने घ्या आणि संशयाच्या जागी जाळी दाट करा. धातूंसाठी एका चौकटीतले चार-पाच नमुने एकत्र मिसळून, ढीग करून, चार भाग पाडून त्यातले समोरासमोरचे दोन ठेवले तरी चालतं. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी हे अजिबात चालत नाही. ढवळता ढवळताच ती निघून जातात आणि अहवाल खोटा चांगला येतो. त्यासाठी माती एकाच जागेतून घेऊन काचेच्या बाटलीत, वर हवा न ठेवता, गच्च भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून न्यायची.

बाटलीवर जागा, खोली, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद सोबत. विश्लेषण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करून घ्या. मोठं काम असेल तर मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला नमुने घेताना बोलवा आणि काही नमुन्यांचा दुसरा भाग त्यांच्याकडे द्या. पुढचे सहा महिने वाद घालण्यापेक्षा हा एक दिवस स्वस्त पडतो.

तिसरी पायरी: माती घातक आहे का, ते ठरवा

२०१६ च्या नियमांत अनुसूची १ मध्ये उद्योगप्रक्रियांची यादी आहे आणि अनुसूची २ मध्ये मर्यादा आहेत. मातीच्या बाबतीत बहुतेक वेळा अनुसूची २ कामाला येते. तिच्या पहिल्या वर्गात मातीतून झिरपून किती बाहेर येतं ते पाहतात, दुसऱ्यात मातीत एकूण किती आहे ते. तिसऱ्यात ज्वलनशीलता, दाहकता यांसारखे गुणधर्म येतात.

झिरप्यासाठी टीसीएलपी चाचणी करतात. मातीच्या वीसपट वजनाच्या सौम्य अॅसेटिक अॅसिडच्या द्रावणात ती सुमारे १८ तास फिरवतात आणि द्रावणात काय उतरलं ते मोजतात. मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत: शिसं ५, आर्सेनिक ५, कॅडमियम १, पारा ०.२, बेंझिन ०.५. तेलाने माखलेल्या मातीसाठी एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची मर्यादा ५,००० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. पेट्रोल पंप आणि डिझेल टाक्यांच्या कामात हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा आडवा येतो.

इथं खर्च वाचवणारा एक साधा हिशेब आहे. टीसीएलपीत द्रावण वीसपट असतं. म्हणजे मातीतला सगळाच्या सगळा धातू विरघळला, तरी द्रावणातलं प्रमाण मातीतल्या एकूण प्रमाणाच्या विसाव्या भागापलीकडे जाऊ शकत नाही. मातीत एकूण शिसं ८० मिलिग्रॅम प्रति किलो असेल, तर झिरप्यात जास्तीत जास्त ४ येईल. ५ ची मर्यादा ओलांडली जाणारच नाही. त्यामुळे आधी सगळ्या नमुन्यांचं एकूण प्रमाण मोजा आणि टीसीएलपी फक्त गरज असलेल्या नमुन्यांवर करा.

माती घातक ठरली नाही म्हणजे ती बागेत टाकायला मोकळी झाली, असं समजू नका. कचरा म्हणून घातक नसलेली माती लहान मुलांच्या खेळाच्या मैदानाखाली अयोग्य असू शकते. ती कुठं वापरणार, त्या जमिनीचा उपयोग काय, हे मंडळाला लेखी कळवा आणि लेखीच उत्तर घ्या.

चौथी पायरी: लँडफिल खरंच हवं का?

नियमांतला क्रम स्पष्ट आहे: आधी टाळणं, कमी करणं, मग पुनर्वापर, पुनर्प्राप्ती, सहप्रक्रिया (सिमेंट भट्टीसारख्या ठिकाणी इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापर) आणि अगदी शेवटी विल्हेवाट. खोदा आणि पुरून टाका हा मार्ग जलद आहे म्हणून सगळ्यांना आवडतो. पण त्याने प्रदूषक नष्ट होत नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो.

तेल-डिझेलने दूषित माती बऱ्याचदा जागेवरच सुधारता येते. जाड प्लास्टिकवर ढीग घालायचा, ओलावा आणि नत्र-स्फुरद सांभाळायचं, माती उलथीपालथी करून हवा द्यायची. जिवाणू काही महिन्यांत हायड्रोकार्बन खातात. आपल्या हवामानात हे चांगलं जमतं. फक्त पावसाळ्यात वर छप्पर लागतं आणि ढिगातून निघणारं पाणी गोळा करावं लागतं. डिझेल आणि हलकी तेलं यात लवकर जातात. डांबरासारखे जड घटक हट्टी असतात.

तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याची गोष्ट पाऱ्याच्या बाबतीत शिकण्यासारखी आहे. २००१ मध्ये तो बंद झाला आणि तिथल्या मातीत पारा किती उरलेला चालेल यावर अनेक वर्षं वाद चालला. मान्य झालेली पातळी २० मिलिग्रॅम प्रति किलो होती, आणि ती पुरेशी कडक नाही असं स्थानिक लोक आणि कार्यकर्ते सांगत राहिले. माती धुणं आणि तापवून पारा वेगळा काढणं हा तिथला मार्ग ठरला. सफाईची पातळी आधी, सगळ्यांसमोर ठरवली नाही तर काम किती लांबतं, हे तिथं दिसलं.

भोपाळचं उदाहरण तर सगळ्यांनाच माहीत आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातून जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरच्या कचरा जाळण्याच्या केंद्रात नेलेल्या ३३७ टन कचऱ्यात १६२ टन माती होती, म्हणजे जवळपास निम्मी. तो सगळा कचरा जाळल्यावर राख आणि अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरले, कारण वायू स्वच्छ करताना चुना आणि इतर पदार्थ घालावे लागतात. माती हा जळणारा पदार्थ नाही. ती भट्टीत घातली तरी शेवटी लँडफिल लागतंच, आणि जास्त लागतं. म्हणून जाळण्याचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न विचारा: राख किती निघेल आणि ती कुठं जाईल?

पाचवी पायरी: लँडफिलचे निकष वेगळे असतात

घातक माती साध्या लँडफिलमध्ये चालत नाही. तिला सुरक्षित लँडफिल लागतं. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. गोव्यात पिसुर्ल्याला सोय आहे. दुसऱ्या राज्यात विल्हेवाटीसाठी पाठवायची असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांची ना-हरकत लागते.

इथं नवख्या माणसाचा घोळ होतो. टीसीएलपी सांगते माती घातक आहे का. ती सुरक्षित लँडफिलमध्ये जशीच्या तशी टाकता येईल का, हे सांगायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वेगळे निकष आहेत आणि त्यासाठी साध्या पाण्यातली झिरपा चाचणी करतात. त्यातल्या मर्यादा जास्त कडक आहेत: शिसं २, आर्सेनिक १, क्रोमियम सहा ०.५, कॅडमियम ०.२, पारा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत. शिवाय माती सेलमध्ये, म्हणजे लँडफिलमधल्या कप्प्यात, भार पेलेल इतकी घट्ट हवी. वेन चाचणीत किमान २५ आणि दाब चाचणीत किमान ५० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. पावसात भिजलेली काळी माती इथंच नापास होते, रसायन कितीही कमी असलं तरी.

निकषात न बसणारी माती आधी स्थिर करावी लागते. सिमेंट, चुना, फ्लाय अॅश (कोळशाची उडती राख) मिसळून धातू अडकवतात. क्रोमियम सहा असेल तर आधी फेरस सल्फेटने त्याचं तीन संयुजेत क्षपण करतात आणि मग घट्ट करतात. नुसता चुना ओतून क्रोमियम सहा थांबत नाही. उलट अल्कधर्मी पाण्यात तो छान विरघळलेला राहतो. प्रत्येक मातीसाठी प्रयोगशाळेत छोटी चाचणी करून मिश्रणाचं प्रमाण ठरवा आणि मिसळलेल्या मातीची पुन्हा झिरपा चाचणी करा.

आणि एक गोष्ट ठामपणे: चांगली माती मिसळून आकडे खाली आणणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. प्रदूषक तेवढाच राहतो आणि दूषित माती दुप्पट होते. अहवालात आकडे मर्यादेच्या जरा खाली, सगळे एकसारखे दिसले, तर लँडफिलच्या रसायनतज्ज्ञाने मूळ नमुने मागवावेत. सॉल्व्हंटच्या ओल्या मातीवर कळीचा चुना टाकून ती "सुकवणं"ही तसंच. चुन्याच्या उष्णतेने सॉल्व्हंट हवेत जातं आणि ते कामगारांच्या छातीत उतरतं.

सहावी पायरी: खोदकाम

कोकणपट्टीत हे काम नोव्हेंबर ते मे यातच उरका. खोदताना तीन ढीग वेगळे ठेवा: स्पष्ट दूषित, संशयित, स्वच्छ. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र धातूंसाठी आणि पीआयडी मीटर वाफांसाठी असेल, तर बकेटनिहाय निर्णय घेता येतो आणि लँडफिलला जाणारं वजन चांगलंच घटतं. ढीग जाड प्लास्टिकवर, भोवती बांध, वर ताडपत्री. खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने नाल्यात सोडू नका. तेही दूषित आहे. त्याची चाचणी करून ते टँकरने प्रक्रियेला पाठवा.

कामगारांना वास ही सूचना म्हणून वापरू देऊ नका. बेंझिनचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. खोल खड्ड्यात उतरण्याआधी हवा तपासा, योग्य कार्ट्रिजचे मास्क द्या, कामाचे कपडे जागेवरच काढून ठेवायला लावा. पिवळी माती लागलेले बूट घरी गेले की ती माती घरातल्या लहान मुलापर्यंत पोचते.

सातवी पायरी: गाडी आणि कागद

गाडीला मंडळाची परवानगी हवी, चालकाला धोकादायक माल नेण्याचं प्रशिक्षण हवं, जीपीएस चालू हवं. तळाला प्लास्टिक, मागचं फळकूट घट्ट, वर ताडपत्री बांधलेली, आणि चाकं धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको. फॉर्म ८ चं लेबल आणि फॉर्म ९ चं आपत्कालीन कार्ड मराठी-हिंदीत चालकाजवळ असू द्या. अपघातात चालक इंग्रजी कार्ड वाचत बसणार नाही.

फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट, प्रत्येक गाडीसोबत जाणारा मालाचा कागद. त्याच्या सात प्रती असतात. पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी स्वीकारणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला. हिरवी प्रत स्वीकारणारा मंडळाला पाठवतो आणि निळी माती पाठवणाऱ्याला परत येते. राखाडी प्रत दुसऱ्या राज्यातून माल आला असेल तर त्या राज्याच्या मंडळासाठी. ऑनलाइन मॅनिफेस्ट भरलं तरी तर्क हाच आहे. यातली तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची निळी. ती परत येईपर्यंत ती गाडी पोचली असं धरू नका.

आठवी पायरी: लँडफिलचं फाटक

माती येण्याआधीच लँडफिलने तिचं सविस्तर विश्लेषण करून "ही माती, या मार्गाने, या दराने" असं लेखी मान्य केलेलं असतं. फाटकावर प्रश्न एवढाच असतो: आलेली माती तीच आहे का?

गाडी आधी काट्यावर. वजन मॅनिफेस्टशी जुळवा, गाडीचा नंबर, सील पाहा. मग गाडी नमुना घ्यायच्या कट्ट्यावर. तिथं एकाच कोपऱ्यातून माती उचलू नये. वरच्या थरात चांगली माती आणि खाली दुसरंच काही, हा जुना प्रकार आहे; लांब सळईसारख्या नमुनादाणीने चार-पाच ठिकाणी तळापर्यंत जा. रंग, वास, पीएच, ओलावा, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते), जाळल्यावर घटणारं वजन हे झटपट तपासून मूळ अहवालाच्या शेजारी ठेवा.

यातली पेंट फिल्टर चाचणी करायला सोपी आणि बोलकी आहे. रंग गाळायची कागदी-जाळीची शंकूसारखी गाळणी, ६० मेशची, स्टँडवर बसवायची. तिच्यात सुमारे १०० ग्रॅम माती ओतायची, खाली काचेचं भांडं ठेवायचं आणि पाच मिनिटं हात न लावता बघत राहायचं. गाळणीच्या टोकाला एक थेंब जमून खाली पडला, तर मातीत मोकळा द्रव आहे आणि ती सेलमध्ये जाणार नाही. खोदताना सुकी वाटलेली माती रस्त्याच्या हादऱ्यांनी पाणी सोडते, त्यामुळे ही चाचणी प्रत्येक गाडीवर करा. कट्ट्यावर उभा मुलगा कंटाळून दोन मिनिटांत "पास" लिहितो की पाचही मिनिटं थांबतो, त्यावर लँडफिलची शिस्त ओळखता येते.

नापास गाडीचं काय? ती गुपचूप परत पाठवणं सर्वांत वाईट. परतणारी गाडी कुठं रिकामी होते ते कोणालाच दिसत नाही. तिला लँडफिलच्या आवारातल्या वेगळ्या पक्क्या कट्ट्यावर थांबवा, पाठवणाऱ्याला आणि मंडळाला त्याच दिवशी कळवा आणि प्रक्रिया करून घेणं शक्य असेल तर तिथंच करा. परत पाठवायचीच असेल तर मॅनिफेस्टवर कारण लिहून, मंडळाला कळवून पाठवा. ज्या लँडफिलच्या नोंदवहीत वर्षभरात एकही नकार नाही, तिथं मंडळाने जाऊन चाचणीची वही उघडावी.

नववी पायरी: सेलमध्ये

सुरक्षित लँडफिलच्या तळाला घट्ट दाबलेली चिकणमाती, पाझर सेकंदाला १०⁻⁷ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा (मजबूत प्लास्टिकचा) पडदा आणि वर झिरपा गोळा करणारा खडीचा थर असतो. जास्त पावसाच्या किंवा भूजल वर असलेल्या जागी असे दोन संच एकावर एक लागतात. पहिले थर टाकताना टोकदार दगड, सळया असलेली माती नको. पडदा फाटला तर वरून कळतही नाही.

माती पातळ थरांत पसरून दाबा. आम्लधर्मी आणि सल्फाइड-सायनाइड असलेला माल जवळजवळ टाकू नका. सेलचे चौकोन आखलेले असतात. कोणती गाडी कोणत्या चौकोनात, किती उंचीवर रिकामी झाली याची नोंद ठेवा. पुढे झिरप्यात अचानक पारा दिसला तर कुठं शोधायचं, हे त्या नोंदीशिवाय कळणार नाही. पावसाळ्याआधी सेल प्लास्टिकने झाकून पावसाचं पाणी बाजूला वळवा. जून ते सप्टेंबर येणारा माल शेडमध्ये ठेवा. तळावर झिरप्याचं पाणी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त साचू द्यायचं नाही, म्हणून पंप आणि जनरेटर दोन्ही तयार हवेत.

सेल भरून बंद झाल्यावरही ३० वर्षं निगराणी असते: वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींचं पाणी, झिरपा, झाकणाला पडलेल्या भेगा. त्यासाठीचा पैसा माती घेतानाच्या दरातूनच बाजूला निघायला हवा. एखादं केंद्र बाजारभावापेक्षा फार कमी दर सांगत असेल, तर हा पैसा कुठून येणार ते विचारा.

दहावी पायरी: हिशेब जुळवा

खड्ड्याच्या तळातून आणि बाजूंमधून पडताळणीचे नमुने घ्या. ठरलेल्या पातळीखाली आले तरच भराव टाका. भरावाला आणलेल्या मुरमाचाही एक नमुना तपासा, कारण "स्वच्छ" भराव कधी कधी दुसऱ्या कुणाच्या खड्ड्यातून आलेला असतो.

मग सर्व्हेअरने मोजलेला खड्डा आणि काट्याच्या पावत्या समोरासमोर ठेवा. समजा ६०० घनमीटर दूषित माती खोदली. घट्ट मातीचं वजन घनमीटरला १.७ टन धरलं तर सुमारे १,०२० टन. गाडीत १६ टन बसत असतील तर ६४ फेऱ्या. फाइलमध्ये ४० च मॅनिफेस्ट असतील, तर उरलेल्या गाड्या कुठे गेल्या? वजन ओलाव्याने थोडं कमी-जास्त होईल, तिसरा हिस्सा गायब होणार नाही. मंडळाचा अधिकारी, जागा विकत घेणारा बिल्डर, शेजारची सोसायटी, कोणीही हा हिशेब एका कागदावर करू शकतो आणि बहुतेक लबाडी इथंच उघडी पडते.

हा हिशेब, निळ्या प्रती, प्रयोगशाळेचे मूळ अहवाल, खड्ड्याचे फोटो आणि लँडफिलचं स्वीकृतीपत्र एका फाइलमध्ये ठेवा आणि फॉर्म ४ चं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरा. जागा विकलीत तर फाइलची प्रत नव्या मालकाला द्या आणि मूळ स्वतःकडे ठेवा. नुकसानभरपाईची जबाबदारी नियमांनुसार माती निर्माण करणाऱ्यावर, वाहतूकदारावर आणि लँडफिलवर तिघांवरही येऊ शकते.